कोयनेचं पाणी, दाभोळची खाडी

निगडीच्या सेक्टर २३ मध्ये महापालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. रावेतच्या बंधाऱ्यावर उचललेलं पवनेचं पाणी तिथे येतं, शुद्ध होतं आणि पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत जातं. त्याच रावेतपासून दापोडीपर्यंतची पवना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत ‘प्रदूषित पट्टा’ म्हणून नोंदलेली आहे. त्या यादीत महाराष्ट्रातल्या नद्यांचे ५३ पट्टे होते. इतके दुसऱ्या कुठल्याही राज्यातले नव्हते. पवनेसोबत इंद्रायणी त्यात होती. आणि सह्याद्रीच्या पलीकडची, चिपळूणची वाशिष्ठीही होती, खेर्डी ते दळवटणे.

वाशिष्ठीचं नाव त्या यादीत वाचलं तेव्हापासून तिच्या खाडीत होडीने जायचं मनात होतं. चिपळूणच्या खाली वाशिष्ठी रुंदावत जाते, तिला जगबुडी मिळते, कोटजाई मिळते, आणि दाभोळ-अंजनवेलच्या मधून ती समुद्राला जाते. चिपळूणपासून मुखापर्यंतच्या या भरती-ओहोटीच्या पाण्याला सगळे दाभोळची खाडी म्हणतात. कोकणातल्या सर्वांत देखण्या खाड्यांपैकी ही एक, आणि आडबाजूची म्हणून फारशी कुणी न पाहिलेली. मुंबई-गोवा महामार्ग तिच्या वरच्या टोकाला ओलांडून निघून जातो. आतल्या गावांचे रस्ते डोंगराच्या माथ्याने वळसे घेत जातात आणि पाण्यापाशी आले की संपतात. रस्त्याने जाणाऱ्याला खाडी तुकड्यातुकड्यांत दिसते. ती सलग पाहायची तर पाण्यातूनच जावं लागतं.

निगडी-आकुर्डी-भोसरीच्या पट्ट्यात खेड, चिपळूण, गुहागर, दापोली तालुक्यांतली माणसं दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. गणपतीच्या आधी वल्लभनगरच्या एसटी आगारात उभं राहिलं की कारखान्यांच्या या शहरात कोकण किती आहे ते कळतं. आमच्या निगडी प्राधिकरणातले एक निवृत्त कामगार याच खाडीकाठचे. मी खाडीत जाणार म्हटल्यावर त्यांनी एकच सांगितलं: आधी कोयनेवरून जा, म्हणजे खाडीत कोणतं पाणी आहे ते समजेल. म्हणून ताम्हिणीचा जवळचा रस्ता सोडून मी साताऱ्याकडून, उंब्रज-पाटणवरून कोयनानगरला गेलो.

घाट उतरणारं पाणी

कोयना महाबळेश्वरात उगम पावते, सह्याद्रीच्या ओळीला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ काटकोनात वळून पूर्वेला निघते. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते. तिच्या वाट्याला आलेला समुद्र बंगालचा उपसागर. अरबी समुद्र डोंगरापलीकडे अगदी जवळ असूनही तिथे ती कधी गेली नसती. माणसाने तिला नेलं. धरणाच्या शिवसागर जलाशयातलं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पोफळीच्या भूमिगत वीजगृहावर पडतं, पुढे कोळकेवाडीच्या धरणात साठून पुन्हा वीज करतं आणि अवजलाच्या वाटेने वाशिष्ठीत उतरतं. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला मंजूर केलेलं हे पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट आहे. सगळ्या प्रकल्पाची मिळून स्थापित क्षमता जवळजवळ १९६० मेगावॅट.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची. कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीजनिर्मितीही १९६२ मध्येच सुरू झाली. हा योगायोग नव्हता. नव्या राज्याला कारखाने हवे होते आणि कारखान्यांना वीज हवी होती. आमच्या पट्ट्यातली यंत्रं, त्यांच्या तीन पाळ्या, त्या पाळ्यांवर उभी राहिलेली घरं आणि १९७२ साली स्थापन झालेलं नवनगर प्राधिकरण, या सगळ्याच्या मुळाशी जी वीज होती तिच्यात कोयनेचा वाटा मोठा आहे. यंत्रं फिरवून मोकळं झालेलं पाणी कुठे गेलं, हे मात्र घाटावर फारसं कुणी विचारलं नाही. ते वाशिष्ठीत गेलं, आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत.

कोकणातल्या बहुतेक नद्या मार्च-एप्रिलमध्ये आटतात. डोंगर उभा, अंतर थोडं, पावसाचं पाणी चार-सहा महिन्यांत समुद्रात गेलेलं असतं. वाशिष्ठी आटत नाही, कारण तिला वर्षभर कोयना मिळते. तिच्या पात्रात मे महिन्यात पाणी दिसतं ते मूळचं कृष्णेच्या खोऱ्यातलं असतं. खाडीच्या गोड्या-खाऱ्या पाण्याचा मेळ त्यामुळे बदलला आहे. वीजनिर्मिती जास्त असेल त्या दिवशी गोडं पाणी जास्त उतरतं, नसेल तेव्हा खारं वर चढतं. कुठला मासा कुठवर येईल, कालवं कुठे धरतील, हे निसर्गाइतकंच आता वीजगृहाच्या वेळापत्रकावरही ठरतं, असं काठावरचे मच्छीमार भोई सांगतात.

कुंभार्ली घाट उतरून चिपळुणात आलो. २२ जुलै २०२१ च्या महापुराच्या खुणा अजून भिंतींवर वाचता येतात. त्या पुरानंतर वाशिष्ठी आणि शिव या नद्यांमधला गाळ काढायचं मोठं काम इथे झालं, कारण चिपळूणकरांनी त्यासाठी आंदोलन केलं. नदीची वहनक्षमता, गाळ, पूररेषा हे शब्द इथल्या दुकानदारालाही पाठ आहेत. शहराच्या खाली गोवळकोट. टेकडीवर गोविंदगड, पायथ्याशी जुनं बंदर. घाटावरचा माल कुंभार्लीने उतरून इथे गलबतांत चढत असे आणि खाडीतून मुंबईला जात असे. रेल्वे आणि डांबरी रस्ता येण्याआधी चिपळूणचा व्यापार या पाण्यावर चालला.

तिथीची पाऊणपट

मालदोलीचा धक्का खाडीच्या दक्षिण काठावर आहे. इथून मगरी दाखवायला होड्या निघतात, आणि सांगून ठेवलं तर दाभोळपर्यंतही नेतात. होडी चालवणारे आमचे तांडेल भोई समाजातले, पन्नाशी ओलांडलेले. निघायची वेळ त्यांनी फोनवर घड्याळ न पाहता सांगितली होती. मार्गशीर्षातली शुद्ध द्वादशी. तिथीची पाऊणपट करायची: बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे खाडीच्या मुखाशी नऊच्या सुमाराला पूर्ण भरती. पाणी आत चढायला वेळ घेतं, तेव्हा मालदोलीला त्याहून उशिरा. भरतीच्या माथ्यावर निघायचं आणि ओहोटीबरोबर खाली जायचं, म्हणजे इंजिनाला तेल कमी लागतं.

हा हिशेब सगळ्या कोकणात चालतो. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून तिथीला पाऊणाने गुणायचं. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास भरती, अष्टमीला सहाला. अष्टमीच्या आगेमागे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, त्याला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण. जाळं कधी टाकायचं, होडी कधी काढायची, कालवांना कधी जायचं, खारजमिनीच्या बांधाची दारं कधी बघायची, हे सगळं या गणितावर बेतलेलं. आजही इथल्या बाया मासे किती मिळाले ते दिवसावर मोजत नाहीत, पाण्यावर मोजतात: ‘एका पाण्यात’ किती, ‘दोन पाण्यांत’ किती.

धक्का सोडला तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली होती. दोन्ही बाजूंना डोंगर पाण्यापर्यंत उतरलेले, त्यांच्यावर हिरवी झाडी, मधूनच जांभ्याचा लाल कडा. कांदळवनाची झाडं निम्मी पाण्यात उभी. पुढचं वळण दिसत नव्हतं. आपण एका तळ्यात आहोत असं वाटावं, तोच डोंगर बाजूला सरकून पाण्याची नवी पट्टी उघडे. दाभोळपर्यंत हे असंच चालतं.

हे रूप घडलं कसं, तेही समजून घेण्यासारखं आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. वाशिष्ठीने तेव्हा आपली दरी आजच्या किनाऱ्याच्याही पलीकडे कोरली होती. हिमनद्या वितळल्या, समुद्र चढला आणि दरीत शिरला. खाडी म्हणजे ही बुडालेली दरी. म्हणून तिला डोंगरदरीची वळणं आहेत आणि समुद्राची खोली आहे. म्हणून तिच्यात मोठी जहाजं शिरू शकली. ओहोटीत उघडा पडणारा काठावरचा चिखल हा नद्यांनी तेव्हापासून आजवर आणून टाकलेला गाळ आहे.

कांदळवन आणि मगरी

तास-दीड तासात पाणी उतरू लागलं. आधी चिपीच्या मुळांची टोकं वर आली. चिखलात ऑक्सिजन नसतो, म्हणून ही झाडं श्वास घ्यायला मुळंच वर काढतात. मग चिखलाचे उतार उघडे पडले. त्यावर निवटे उड्या मारू लागले, खेकडे बिळांतून बाहेर आले, आणि इतका वेळ झाडांवर गप्प बसलेले बगळे खाली उतरले. डोक्यावर ब्राह्मणी घार घिरट्या घालत होती. खंड्याचा निळा रंग काठाकाठाने आमच्या पुढे पुढे जात राहिला.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये सफेद चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. काठावरच्या लोकांना हे झाड कशाला लागतं ते आधीपासून ठाऊक होतं. कोळंबीची आणि माशांची पिल्लं याच मुळांत वाढतात. उधाणाची लाट इथे मोडते, म्हणून मागचा बांध टिकतो आणि बांधामागचं भात वाचतं.

पहिली मगर दिसली ती अशाच चिखलाच्या उतारावर. तांडेलांनी इंजिन बंद केलं आणि होडी ओढीवर सोडून दिली. थंडीच्या दिवसांत अंग तापवायला मगरी उन्हात पडून राहतात; त्यामुळे त्या दिसतात त्या प्रामुख्याने हिवाळ्यात. या गोड्या पाण्यातल्या मगरी. त्यांना निमखारं पाणी चालतं, आणि गोडं पाणी बारमाही मिळत असल्यामुळे वाशिष्ठीत त्या चांगल्या नांदतात. मोठी मगर तोंड उघडं ठेवून निश्चल होती. आम्ही काही अंतरावर थांबलो. ती हलली नाही, आम्हीही हललो नाही. थोड्या वेळाने ती सरळ पाण्यात शिरली आणि पृष्ठभागावर एक रेघ उरली.

या मगरींनी काठावरच्या काही घरांना नवा रोजगार दिला आहे. पण तांडेल मला पुन्हा पुन्हा सांगत होते की मगर दाखवणं हा चार महिन्यांचा धंदा. त्यांचं मूळ काम मासेमारीचं, आणि ते काम आता घर चालवत नाही.

जगबुडीच्या तोंडाशी

उजवीकडून जगबुडी येऊन मिळते. खेडवरून येणारी ही नदी मराठी वाचकाला श्री. ना. पेंडसे यांच्या १९८७ सालच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे ओळखीची आहे, तुंबाड गाव तिच्याच काठावरचं. पेंडसे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. खाडीकाठच्या खोतीचं, तिथल्या माणसांच्या हट्टांचं आणि ऱ्हासाचं दोन खंडांतलं चित्र त्यांनी काढलं, त्यात पाण्याची ये-जा सतत आहे.

आज त्या पाण्याची ये-जा हाच इथला प्रश्न आहे. खेडजवळच्या पठारावर लोटे-परशुराम ही औद्योगिक वसाहत आहे. प्रामुख्याने रसायनांची: औषधांसाठी, रंगांसाठी, कीटकनाशकांसाठी लागणारी रसायनं तिथे तयार होतात. वसाहतीचं सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रातून वाहिनीने करंबवण्याच्या बाजूला खाडीत सोडलं जातं. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या, माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. समितीने लोट्याला भेट दिली होती, आणि तिथल्या प्रदूषणाची व खाडीतल्या मासेमारीवर झालेल्या परिणामांची नोंद त्या अहवालात आहे. खाडीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या त्याआधीही येत होत्या, त्यानंतरही येत राहिल्या. काठावरच्या भोयांनी समित्या केल्या, मोर्चे काढले, निवेदनं दिली.

इथे खाडीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. उघड्या समुद्रात सोडलेलं पाणी लाटा-प्रवाहांनी पसरतं. नदीत सोडलेलं पाणी निदान खाली वाहून जातं. खाडीत मात्र ओहोटीबरोबर खाली गेलेलं पाणी सहा तासांनी भरतीबरोबर परत वर येतं. जे सोडलं ते एका फेरीत बाहेर पडत नाही. ते त्याच गावांसमोरून पुन्हा पुन्हा ये-जा करतं, आणि जाता-येता त्यातला काही भाग चिखलात बसतो. त्याच चिखलात मुळे, तिसऱ्या, कालवं असतात. म्हणून नदीसाठी किंवा समुद्रासाठी पुरेसं वाटणारं शुद्धीकरण खाडीला पुरत नाही.

वाटेत एका ठिकाणी पाणी इतकं उतरलं होतं की काही बाया गुडघाभर चिखलात तिसऱ्या काढत होत्या. आम्ही होडी जवळ घेतली. त्यातल्या एका ताईंची टोपली अर्धीही भरलेली नव्हती. पूर्वी किती मिळायच्या, असं विचारलं. त्यांनी टोपलीवर आडवा हात धरून दाखवला आणि वर आणखी एक टोपली असल्याची खूण केली. मग म्हणाल्या, “खाडीत काम आहे, पण खाडीत पोट नाही.” त्यांचा मुलगा चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामावर आहे.

हे ऐकल्यावर खाडीकाठच्या घरांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. कितीतरी घरांना कुलपं होती. तांडेल एकेक गाव दाखवत सांगत होते: या वाडीतले मुंबईला, त्या वाडीतले पुण्याला, हे भोसरीला, ते तळवड्याला. त्यांच्या होडीवर मदतीला असलेला तरुण तिसऱ्या पिढीतला, आणि तोही पुढच्या वर्षी आमच्याकडेच काम शोधायच्या विचारात होता. कारखान्यांच्या गावाला खाडीने आधी वीज दिली, मग माणसं दिली. परत काय गेलं याचा हिशेब या पाण्यात दिसतो.

रेतीचाही प्रश्न आहे. पूर्वी हातपाटीने, पाण्यात बुड्या मारून रेती काढत. सक्शन पंप आल्यावर तळच उपसला जाऊ लागला. तळ खोल गेला की काठ ढासळतो, काठ ढासळला की बांध जातो आणि बांध गेला की खारं पाणी शेतात शिरतं. गाळ काढणं आणि रेती ओरबाडणं यांत फरक आहे, आणि तो फरक या खाडीतल्या प्रत्येक तांडेलाला कळतो.

बुडालेलं बंदर

खाडी आता इतकी रुंद झाली होती की दोन्ही काठ एकदम नजरेत मावेनात. उजवीकडून कोटजाई आली. या नदीच्या वरच्या अंगाला पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. १९७० मध्ये पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी त्यांचा शोध लावला. आधी बौद्धांची, नंतर नाथपंथीयांची वस्ती तिथे होती. अशी लेणी आडरानात सापडली की आपण नवल करतो, पण ती व्यापारी वाटेवरच होती. ती वाट पाण्याची होती आणि दाभोळला सुरू होत होती.

दाभोळ मध्ययुगातलं पश्चिम किनाऱ्यावरचं पहिल्या प्रतीचं बंदर. बहामनींच्या काळात आणि नंतर आदिलशाहीत अरबस्तान-इराणातून घोडे इथे उतरत आणि घाट चढून बिदर-विजापूरला जात. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून बहामनी राज्यात हिंडला आणि १४७२ च्या सुमाराला याच दाभोळहून परत निघाला. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज विजरई फ्रान्सिस्को द आल्मेदा याने दाभोळ जाळलं. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलजवळच्या लढाईत मारला गेला होता. सूड घेत तो पुढे दीवला गेला. शहर पुन्हा उभं राहिलं. किनाऱ्यावर नारळींच्या मागे उभी असलेली देखणी मशीद १६५९ च्या सुमाराची आहे. ती बांधून होते न होते तोच शिवाजी महाराजांनी दाभोळ घेतलं.

समोरच्या अंजनवेलच्या टेकडीवर गोपाळगड आहे. सिद्दीच्या ताब्यातून तुळाजी आंग्र्यांनी तो १७४५ मध्ये घेतला आणि त्याला हे नाव दिलं. दोन्ही काठ ज्याच्या हातात, खाडी त्याची. म्हणून दाभोळ आणि अंजनवेल यांचा इतिहास नेहमी जोडीने चालतो. गावात डोंगराच्या पोटातल्या गुहेत चंडिकादेवीचं मंदिर आहे, वाकून आत जावं लागतं आणि समयांच्या उजेडात देवी दिसते. मशिदीतून निघून चंडिकेला जाताना वाटेत जी घरं, जे बांधाचे दगड, ज्या विहिरी दिसतात, त्यांवरून हे केवढं गाव होतं याचा अंदाज येतो.

अंजनवेललाच विसाव्या शतकाच्या अखेरीस एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आला. १९९३ मध्ये करार झाला, २००१ मध्ये निर्मिती थांबली, २००५ पासून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे तो आहे. त्यावरचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे. मला होडीतून दिसली ती एवढीच गोष्ट: वाशिष्ठीच्या वरच्या टोकाला पोफळीचं वीजगृह आहे, मुखाशी अंजनवेलचं. दोन्हींमधल्या गावांनी राज्याच्या विजेसाठी आपली नदी आणि आपली खाडी देऊन टाकली आहे.

तर आणि पूल

दाभोळ ते धोपावे ही तर २००३ पासून गाड्यांसह चालते. सुवर्णदुर्ग शिपिंगने सुरू केलेली ही फेरीबोट दापोली आणि गुहागर तालुक्यांना काही मिनिटांत जोडते. नाहीतर खेड-चिपळूणवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा. शाळेची मुलं, मासे घेऊन निघालेल्या बाया, लग्नाचं वऱ्हाड, खतांच्या गोण्या, पर्यटकांच्या गाड्या, सगळं एकाच डेकवर असतं. कोकणाच्या प्रवासी आगबोटी बंद झाल्यावर पाण्याची वाट मेली असं सगळे म्हणत होते. या तरीने ते खोटं ठरवलं, आणि तिच्या पाठोपाठ कोकणात इतर खाड्यांवरही अशा फेऱ्या सुरू झाल्या.

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात दाभोळच्या खाडीवर पूल आहे. पूल हवा. दवाखान्यात मध्यरात्री जायचं असेल तेव्हा फेरीबोट चालत नाही, आणि काठावरच्या माणसाने आपल्या सौंदर्यदृष्टीसाठी वळसे घेत राहावं, असं म्हणायचा कुणालाच अधिकार नाही. पण पूल मुखाशी होईल. आतली गावं त्याने जोडली जाणार नाहीत. त्यांना जोडते ती खाडीच. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले १११ जलमार्ग जाहीर झाले. त्यात ‘दाभोळ खाडी-वाशिष्ठी नदी’ हा २८ व्या क्रमांकाचा राष्ट्रीय जलमार्ग आहे, लांबी ४५ किलोमीटर. कायद्याने हा महामार्ग आहे. मालदोलीपासून दाभोळपर्यंत आम्हाला मात्र एकही प्रवासी होडी नियमित फेरी करताना दिसली नाही. मोजके धक्के, ठरलेल्या भरतीच्या वेळा आणि दोन-तीन मध्यम होड्या, एवढ्याने या गावांची एसटी पाण्यावर चालू शकते. बांधायचा खर्च रस्त्याच्या तुलनेत थोडा आहे, आणि डोंगर कापावा लागत नाही.

आपलं देणं

ही खाडी अजून हातची गेलेली नाही. कांदळवन उभं आहे, मगरी वाढतायत, भरतीबरोबर आजही तांबोशी, बोय, पालू आत येतात. पवनेच्या बाबतीत आपण फार उशिरा जागे झालो. निगडीत राहणाऱ्या माणसाला नदी मरते म्हणजे काय होतं हे शिकवावं लागत नाही. दापोडीच्या पुलावर उभं राहिलं की पुरे. ज्याला ते माहीत आहे त्याने दुसऱ्याच्या पाण्याविषयी गप्प राहू नये.

मागण्या अवघड नाहीत. लोट्याच्या वाहिनीतून खाडीत काय आणि किती सोडलं जातं याचे आकडे रोजच्या रोज काठावरच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर मराठीत लागावेत. खाडीसाठीचे निकष भरती-ओहोटीचा विचार करून वेगळे ठरवावेत, आणि ते पाळले जातात की नाही हे तपासणाऱ्या समितीत भोयांचे प्रतिनिधी असावेत. कोयनेचं अवजल किती आणि केव्हा सोडणार, याची सूचना खाडीतल्या मच्छीमारांनाही मिळावी. ते पाणी मुंबईला किंवा आणखी कुठे नेण्याच्या योजना निघतात, तेव्हा खाडीला किती लागतं हे आधी मोजावं. सक्शन पंपांवर बंदी कागदावर न राहता पाण्यावर दिसावी. आणि २८ व्या क्रमांकाच्या जलमार्गावर प्रवासी होडी सुरू व्हावी.

वाचकांना एक सांगणं. या हिवाळ्यात कोकणात जाणार असाल तर एक दिवस दाभोळच्या खाडीला द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात जाऊ नका. निघण्याआधी तिथी विचारा आणि भरतीच्या माथ्याला धक्क्यावर पोचा. होडी काठावरच्या माणसाचीच घ्या, ठरलेले पैसे द्या, लाइफ जॅकेट घाला, मगरीच्या जवळ जायचा हट्ट धरू नका, प्लॅस्टिकची एकही पिशवी पाण्यात टाकू नका. जेवण गावातल्या घरी सांगा. मासा कुठल्या पाण्यातला ते विचारा, आणि पूर्वी किती मिळत असे तेही विचारा. परत आल्यावर लोट्याबद्दल, वाशिष्ठीबद्दल आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहा. दाभोळची खाडी आपल्या मतदारसंघात नाही, पण आपल्या घरातल्या विजेच्या बिलात ती गेली साठ वर्षं आहे.